इन्स्ट्रुमेंटेशन शिकलो आणि पेट्या दुरुस्त करायला लागलो: आमची वाटचाल

२००९ ला मला इन्स्ट्रुमेंटेशनला ॲडमिशन मिळाली तेव्हा आमच्या आज्जीनं पेढे वाटताना अख्ख्या गल्लीला सांगितलं की पोरगं वाद्यांचं इंजिनियरिंग शिकायला चाललंय. इन्स्ट्रुमेंट म्हणजे वाद्य असं कुणीतरी तिला सांगितलेलं, खरं तर ही मोजमापाच्या यंत्रांची ब्रँच. आम्ही घरातले सगळे पोट धरून हसलो होतो. आज सांगली-मिरज रोडवरच्या आमच्या गाळ्यात चार माणसं दिवसभर हार्मोनियम दुरुस्त करतात आणि पाटीवर माझ्या नावापुढे बी.ई. (इन्स्ट्रुमेंटेशन) लिहिलंय, म्हणजे आज्जीचंच खरं झालं, फक्त ते बघायला ती नाही.

ही ब्रँच मी निवडली नव्हती हे आधीच सांगतो. सीईटीचे मार्क बेताचे, कॅप राउंडला मेकॅनिकल गेलं, कॉम्प्युटर गेलं, मग "कोर ब्रँच आहे, पीएसयूत स्कोप आहे" असं पप्पांच्या ऑफिसातले एक काका म्हणाले आणि ठरलं. मला काय करायचंय हे कुणी विचारलं नाही आणि खरं सांगू का, विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. सतरा वर्षांच्या पोराला काय कळतंय. फर्स्ट इयरला वर्कशॉप नावाचा विषय होता, त्यात सुतारकामाचा जॉब असायचा, लाकडाचे दोन तुकडे तासून एकमेकात बसवायचे. माझा जॉब इतका घट्ट बसला की सरांनी तो पुढच्या बॅचला दाखवायला ठेवून घेतला. चार वर्षांत कॉलेजमध्ये मला आनंद झाला असा तो एकच आठवडा. बाकी सगळं जर्नल, सबमिशन, व्हायवा आणि एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, जो तिसऱ्या झटक्यात सुटला. तिसऱ्या वर्षीच कळलं होतं की आपण चुकीच्या गाडीत बसलोय, पण एज्युकेशन लोन घेतलेलं, घरात हे बोलायचं कुणाजवळ?

२०१३ ला पास आउट. कॅम्पस नाहीच. सहा महिने घरी बसून मग भोसरीला एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये लागलो, पगार नऊ हजार, त्यातले चार खोलीला आणि मेसला. काम काय तर कंपन्यांमधून प्रेशर गेज (दाब मोजायचे मीटर) यायचे, ते डेड वेट टेस्टरवर, म्हणजे वजनं ठेवून ठरलेला दाब देणाऱ्या यंत्रावर, चढवायचे, किती दाखवतोय ते "ॲज फाउंड" कॉलममध्ये लिहायचं, ॲडजस्ट करायचं आणि मग "ॲज लेफ्ट" मध्ये लिहायचं. म्हणजे आला तेव्हा कसा होता आणि गेला तेव्हा कसा होता. दिवसाला तीस-चाळीस गेज. दोन वर्षं मी हेच केलं. काम वाईट नव्हतं बरं का, पण संध्याकाळी खोलीवर आलो की वाटायचं आपण स्वतः आलो तसेच जाणार, दोन्ही कॉलम सेम.

२०१५ च्या गणपतीत सुट्टीला गावी आलो. आमच्या गावातल्या विठ्ठल मंदिरात बायकांचं भजनी मंडळ आहे, आज्जी त्यातली जुनी मेंबर. त्यांच्या पेटीचा भाता फुटला होता आणि दोन पट्ट्या दाबल्या की वर यायच्याच नाहीत. तुला वाद्यांचं कळतंय ना, मग बघ, असं आज्जीनं सगळ्यांसमोर म्हटल्यावर काय करणार. गाडीला पेटी बांधली आणि मिरजेत एका जुन्या कारागिरांकडे नेली. त्यांचं नाव इथं देत नाही, त्यांना आवडत नाही, सगळे मामाच म्हणतात.

मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्याचं गाव हे तुम्हाला माहीत असेलच, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. पेटीला त्या गावात तसा मान नाही. तंबोरा करणारा कलाकार, पेटी दुरुस्त करणारा मिस्त्री. मामा हे हसत सांगतात पण लागतं त्यांना ते.

तर मामांनी माझ्यासमोर पेटी उघडली आणि मी अक्षरशः सहा तास तिथंच बसलो. बाहेरून बघून कळत नाही हो आत काय काय असतं ते. पितळेचे सूर, प्रत्येकाला एक पातळ जीभ, खर्जाची ओळ, नराची ओळ, मोठ्या पेटीला मादीची पण, खाली स्प्रिंग, हवा कुठून येणार, कुठं अडणार, पट्टी दाबली की कुठलं भोक उघडणार. डोक्यात एकदम आलं की अरे हे तर आपलंच आहे. हवेचा दाब, व्हॉल्व्ह, लीकेज. जे चार वर्षं फळ्यावर बघून झोप यायची ते इथं लाकडात आणि चामड्यात होतं. सूर उतरला असेल तर जिभेचं टोक अगदी हलक्या हातानं घासायचं म्हणजे तो चढतो, चढला असेल तर मुळाकडे घासायचं म्हणजे उतरतो, आणि एक घासा जास्त झाला की जीभ कमजोर होते, कधीतरी भजनात ऐन रंगात तुटते. हे मामांनी त्या दिवशी दोन वाक्यात सांगितलं, ते हातात यायला मला दीड वर्ष लागलं.

मग दर शनिवारी रात्री पुण्यावरून एसटी, रविवारी दिवसभर मामांकडे, रात्री परत. २०१६ च्या मार्चमध्ये नोकरी सोडली. पप्पा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत, आईकडून निरोप यायचे, "त्याला विचार हप्ता कोण भरणार." प्रश्न बरोबरच होता. संध्याकाळी बारावीच्या पोरांच्या फिजिक्सच्या ट्युशन घेऊन हप्ता भरला. मामांनी पहिले आठ महिने एक रुपया दिला नाही आणि सूर पण हातात दिला नाही, नुसतं जुन्या पेट्यांचे भाते खरवडायला लावायचे. कितीतरी पेट्यांत झुरळांची अंडी, एकात तर उंदराची पाच पिल्लं.

आता माझी पहिली मोठी चूक सांगतो. मामांचा कान असा की ते तंबोरा छेडून पेटी लावतात, हातात कुठलंही मशीन नाही. मी कॅलिब्रेशनवाला, मी गुपचूप मोबाइलमध्ये सूर मोजणारा ट्युनर टाकला. मामा आठवडाभर बाहेरगावी होते तेव्हा एका कीर्तनकार बुवांची पेटी मी एकट्यानं लावली, एकूण एक सूर काट्यावर काटा, फरक शून्य सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). सर्टिफिकेट द्यावं इतकं परफेक्ट. तिसऱ्या दिवशी बुवा पेटी घेऊन परत. "गंधार टोचतोय." मी मोबाइल दाखवला, हे बघा, शून्य. बुवा म्हणाले, "बाळ, मी मोबाइलबरोबर गात नाही, तंबोऱ्याबरोबर गातो."

मामा आल्यावर त्यांनी समोर तंबोरा धरला आणि ऐक म्हणाले. षड्जाची तार नीट लागली की तिच्यातूनच गंधार आपोआप ऐकू येतो, तो ट्युनरच्या गंधारापेक्षा खाली असतो. नंतर मी हिशोब केला तर फरक सुमारे १४ सेंटचा निघाला, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. ट्युनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, म्हणून त्या पेटीवर कुठल्याही पट्टीत, म्हणजे स्केलमध्ये, वाजवता येतं, पण कुठल्याच पट्टीत गंधार अगदी गोड लागत नाही. रेडिओवर १९४० पासून पेटीला बंदी होती ना, जी १९७१ ला थोडी सैल झाली, त्यामागचं एक भांडण हेच, की पेटीचे सूर बांधलेले, गाणाऱ्याच्या गळ्याबरोबर ते हलत नाहीत. हे सगळं मला इंजिनियर असून माहीत नव्हतं आणि चौथी शिकलेल्या मामांना माहीत होतं.

तेव्हापासून आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, पेटी एकाच्याच गाण्याला आहे का मंडळाला? एकच गाणारा आणि पट्टी ठरलेली असेल, समजा काळी दोन, तर त्या पट्टीचा गंधार धरून लावून देतो, पण दुसऱ्या पट्टीत ती बेसूर वाटणार हे आधीच सांगतो. मंडळाला, शाळेला, स्केल चेंजरला (स्केल बदलता येणाऱ्या पेटीला) सरळ ट्युनरप्रमाणे. लोकांना हा प्रश्न विचारणारंच कुणी भेटलेलं नसतं, त्यामुळे अर्ध्या लोकांचा विश्वास तिथंच बसतो.

२०१८ ला स्वतःचा गाळा भाड्यानं घेतला. मुद्रा लोनला बँकेत गेलो तर साहेबांनी डिग्री बघून विचारलं, तुमच्या फील्डचाच बिझनेस आहे ना? हो म्हणालो. डिग्रीचा थेट पैशात झालेला उपयोग हा एवढाच. दुसरा उपयोग जरा तांत्रिक आहे. भाता जोरात मारला की सूर किंचित हलतो, त्यामुळे सकाळी लावलेली आणि दमल्यावर संध्याकाळी लावलेली पेटी सारखी येत नव्हती. मग पारदर्शक नळी यू आकारात वाकवून त्यात पाणी भरलं, एक छोटा ब्लोअर बसवला आणि पाण्याची पातळी एका खुणेवर ठेवून सूर लावायला सुरुवात केली. मॅनोमीटर हो, सेकंड इयरचं पहिलं प्रॅक्टिकल. खर्च तीनशे रुपयाच्या आत. आणि प्रत्येक पेटीला एक कार्ड, ॲज फाउंड, ॲज लेफ्ट. गिऱ्हाईकाला दाखवतो, बघा तुमचा मध्यम २२ सेंट उतरला होता. पुढच्या वर्षी तीच पेटी आली की कुठला सूर परत परत उतरतोय ते कळतं, मग घासत न बसता तो बदलूनच टाकतो. सूर गुजरातमधून पालिताण्याहून येतात.

लोक म्हणतात बघ, शिक्षण वाया जात नाही. मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. मॅनोमीटर आणि कार्ड या दोन गोष्टींसाठी चार वर्षं आणि पावणेतीन लाखांचं कर्ज ही किंमत जास्तच झाली. बारावीनंतर थेट मामांकडे गेलो असतो तर सात वर्षं आधी हात बसला असता, आणि मामांची नजर तेव्हा चांगली होती, अजून बरंच शिकता आलं असतं. पण बारावीनंतर गेलो असतो तर घरच्यांनी टिकू दिलं असतं का, हाही प्रश्न आहेच.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. आमच्या गाळ्यात पाणी आलं नाही, नशीब. पण ओसरल्यावर गावभाग, खणभाग आणि नदीकाठच्या गावांतून चिखलानं भरलेल्या पेट्या यायला लागल्या, रिक्षातून, ट्रॅक्टरमधून, एक तर सायकलच्या कॅरिअरवर. देवळांच्या, शाळांच्या, घरातल्या. लोकांनी घाईनं उन्हात ठेवलेल्या, त्या सगळ्या तडकलेल्या. लाकूड सावलीतच सुकवायला लागतं, पंधरा-वीस दिवस. भात्याचा पुठ्ठा लापशी झालेला, सरस सुटलेला, पण पितळेचे सूर मात्र स्वच्छ पाण्यात धुऊन मऊ ब्रशनं पुसले की बरेचसे बोलायचे. मामा आणि मी दिवाळीपर्यंत ६४ पेट्या केल्या, फक्त सामानाचे पैसे घेऊन. धंदा म्हणून तो तोटाच होता. पण त्या गावांमधून आज आम्हाला दरवर्षी काम येतं, ॲडव्हर्टाइज वगैरे आम्ही कधी केली नाही.

पुढच्याच वर्षी लॉकडाऊन. वारी नाही, भजनं बंद, चार महिने एक पेटी आली नाही, परत फिजिक्स. मग लोक घरी बसून ऑनलाइन पेटी शिकायला लागले आणि माळ्यावरच्या आजोबांच्या पेट्या खाली यायला लागल्या, नाशिक, बेळगाव, गोव्यावरून फोन. पहिल्या तीन पेट्या ट्रान्सपोर्टमध्ये आपटून आल्या, तेव्हापासून लाकडी क्रेट आम्हीच बनवून पाठवतो.

आता आम्ही चौघं. एक बी.कॉम पोरगा, ज्याचा कान माझ्यापेक्षा चांगलाय, एक सुतार, जे खरे कारागीर आहेत, एक ताई चामडं आणि भात्याचं काम बघतात. महिन्याला तीसेक पेट्या होतात, आषाढी आणि श्रावणाच्या आधी दुप्पट. एज्युकेशन लोन २०२१ ला फिटलं. पुण्यातल्या बॅचमेट्सचे पगार ऐकले की अजून पोटात कालवतं, खोटं कशाला बोलू. मामा चारनंतर चहाला येतात, खुर्चीत बसून चुका काढतात. मला पेटी वाजवता येत नाही, हे मात्र अजून तसंच आहे.

जूनमध्ये आमच्या गावच्या मंडळाची पेटी परत आली, तीच २०१५ ची. धैवत ६ सेंट उतरलेला. मी कानस हातात घेतली तर आज्जीच्या वयाच्या एक काकू म्हणाल्या, "त्याला हात लावू नको रे, आम्हाला त्या आवाजाची सवय आहे, मागं सरळ केलेलास तर आमचा हरिपाठ वर जायला लागला होता." मामा खुर्चीतून हसले. कार्डावर ॲज फाउंड उणे ६, ॲज लेफ्ट उणे ६, आणि पुढे कंसात लिहिलं, गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून.