कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर आधी बघा तो कुठपर्यंत येऊन थांबतोय

घरातला कॉम्प्युटर सुरू झाला नाही की पहिल्या पाच-दहा मिनिटांत घाबरून जे केलं जातं ना, खरं नुकसान बऱ्याचदा त्यातच होतं. कुणी बटण दाबून धरतं, सोडतं, परत दाबतं, कुणी ओळखीच्या पोराला बोलावून थेट फॉरमॅट मारून घेतं आणि मग दोन दिवसांनी आठवतं की अरे, सगळे जुने फोटो त्याच डिस्कवर होते. आमच्या नातेवाईकांत कुणाचाही कॉम्प्युटर बसला की फोन मला येतो आणि हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता एकदा नीट लिहूनच काढते.

माझं म्हणणं एवढंच आहे की काहीही काढायच्या, उघडायच्या, पुसायच्या आधी तो नेमका कुठपर्यंत येऊन अडतोय ते बघा. बटण दाबल्यावर आत जे होतं त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी पॉवर सप्लाय, म्हणजे आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो तो, बोर्डाला सांगतो की करंट बरोबर आहे. मग प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस वाचायला लागतो (नव्या मशीनमध्ये त्याला यूईएफआय म्हणतात, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात). तो रॅम तपासतो, ग्राफिक्स तपासतो, कीबोर्ड, डिस्क शोधतो, या तपासणीला पोस्ट म्हणतात. मग डिस्कवरचा बूटलोडर, म्हणजे विंडोजला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, मग विंडोज, मग लॉगिन. आता यातली जी पायरी नीट पार पडली तिच्या मागचं सगळं त्या वेळेपुरतं ठीक आहे असं धरून चालता येतं, शोधायचं ते फक्त पुढच्या पायरीत.

मावशीचा फोन आला तेव्हा ती म्हणत होती, "अगं तो पूर्ण मेलाय, सुरूच होत नाही." मी विचारलं, "मावशी, बटण दाबल्यावर फॅनचा आवाज येतो का?" तर म्हणे येतो. "स्क्रीनवर काही येतं?" "कंपनीचं नाव येतं, मग खाली ते ठिपके गोल फिरत बसतात." म्हणजे एसएमपीएस ठीक, रॅम ठीक, स्क्रीन ठीक, डिस्कसुद्धा दिसतेय, अडलंय ते विंडोजमध्ये. तिला घरी येणाऱ्या माणसाने नवीन एसएमपीएस घ्यायला सांगितला होता! दोन प्रश्न विचारले असते तर तो खर्च कुणी सुचवलाच नसता, आणि मला याचा खरंच राग येतो.

तर क्रमाने बघू. बटण दाबलं आणि काहीच नाही, दिवा नाही, फॅन नाही. आधी भिंतीतल्या सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघा, मग एसएमपीएसच्या मागचं छोटं स्विच बघा, साफसफाईत ते हमखास बंद होतं. मग वायर काढून पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, आत उरलेला चार्ज निघून जातो, आणि परत जोडा, लॅपटॉपमध्ये तर नुसत्या एवढ्यानेही काम होतं कितीतरी वेळा. तरी नाही झालं तर कधीकधी दोष नुसत्या कॅबिनेटच्या बटणात असतो, बोर्डवर त्या बटणाची वायर जिथे बसते तिथल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की मशीन सुरू होतं. बाकी एसएमपीएसचा डबा स्वतः उघडायचा नाही, वायर काढलेली असली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो, हे मी अगदी कळकळीने सांगते.

फॅन फिरतात पण स्क्रीन काळी, ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला न लावता बोर्डला लावलेली असते, हे आधी बघा. मग पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्डडिस्क, सगळं काढा. मग रॅम. वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवर साधं खोडरबर हलकेच फिरवायचं, कण झटकायचे आणि परत बसवायची, क्लिप कट्ट असा आवाज करून बसली पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. बऱ्याच नव्या बोर्डांवर कोपऱ्यात चार छोटे दिवे असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरुवात) असं लिहिलेलं, जो दिवा लागून राहतो तिथे अडलंय. जुन्या मशीनमध्ये तेच काम बीप करायचे. बीपचा अर्थ मात्र प्रत्येक बायोसचा वेगळा असतो, तेव्हा आपल्या बोर्डाच्या मॅन्युअलमध्येच बघा, दुसऱ्याच्या यादीवरून नको. आणि एक, डीडीआर ५ रॅमचं मशीन असेल आणि रॅम नुकतीच बदलली असेल तर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्या वेळी घाईने बंद करू नका.

आता आमच्या घरच्याच डेस्कटॉपची गोष्ट सांगते कारण ती मला अजून फार आवडते. जुना बोर्ड, पण व्यवस्थित चालणारा. काही दिवस एकदम छान सुरू व्हायचा आणि काही दिवस काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात यायचं की बूट करायला डिस्कच नाही. घरात सगळ्यांचं मत पडलं की डिस्क गेली. पण डिस्क गेली असती तर ती दुसऱ्या दिवशी आपणहून बरी कशी होईल? बायोसमध्ये जाऊन बघितलं तर डिस्क यादीत अगदी नावासकट दिसत होती. मग नजर वर घड्याळाकडे गेली, तिथे तारीख होती १ जानेवारी, आणि वर्ष तर कितीतरी मागचं. तिथेच सगळं कळलं. बोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा, तो बायोसची सेटिंग आणि घड्याळ सांभाळतो. मशीनची वायर भिंतीत चालू असेल तोवर बोर्डाला एसएमपीएसकडून थोडा करंट मिळत राहतो, म्हणून सेल मेला तरी पत्ता लागत नाही. ज्या रात्री कुणीतरी भिंतीवरचं बटण बंद करायचं त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी सेटिंग पुसलेली असायची, बोर्ड आपल्या मूळ सेटिंगवर म्हणजे बूट करायच्या नव्या, यूईएफआय पद्धतीवर जायचा आणि आमचं विंडोज जुन्या, लेगसी नावाच्या पद्धतीने टाकलेलं, त्यामुळे समोर डिस्क असूनही त्याला तिच्यावर बूट करण्यासारखं काही सापडायचं नाही. आणि मधे ज्या दिवशी सगळं ठीक व्हायचं तो दिवस असायचा माझ्या भावाचा, तो मुकाट्याने बायोसमध्ये जाऊन लेगसी करून यायचा आणि कुणाला सांगायचा नाही! सेल काढून मल्टिमीटरवर धरला तर अडीच व्होल्टच्याही खाली. नवीन सेल घातला, क्लिपखाली सरकवून, लिहिलेली बाजू वर, तारीख लावली, लेगसी केलं, सेव्ह केलं, झालं. नवी डिस्क घेतली असती तर त्रास तसाच राहिला असता.

म्हणून म्हणते, तारीख चुकलेली दिसली की आधी सेल. आणि सेल बदलायच्या आधी बायोसच्या सेटिंगचे फोनवर फोटो काढून ठेवा.

लोगो येतो पण विंडोज येत नाही, हे मावशीचं प्रकरण. विंडोज १० आणि ११ दोन्ही सलग दोनदा सुरू व्हायला फसले की आपणहून रिपेअरच्या निळ्या स्क्रीनवर नेतात. नाही नेलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवून त्यावरून तिथे जाता येतं, इन्स्टॉल न दाबता खालचं रिपेअर दाबायचं. तिथे आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचा अपडेट काढून टाकायचा पर्याय, मग सिस्टिम रिस्टोअर, आणि सेफ मोड (कमीत कमी गोष्टींवर विंडोज सुरू करायची पद्धत) जमला तर तिथून नवीन टाकलेला ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस काढून बघायचा. मावशीचा शेवटचा अपडेट काढल्यावर सुरू झाला. रिसेट आणि फॉरमॅट हे सगळ्यात शेवटी, डेटा बाहेर काढल्यावरच. आणि सुरू झाल्यावर एकदा रीस्टार्ट करून बघा, शटडाऊन नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच परत उचलला जातो, खरी कोरी सुरुवात रीस्टार्टमध्येच होते.

१९ जुलै २०२४ आठवतंय का, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात विमानतळ, बँका, हॉस्पिटलं अडली होती? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली होती. इलाज साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण ज्या मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, होतं तिथे आधी ४८ आकडी रिकव्हरी की लागत होती आणि ती शोधण्यातच माणसं हैराण झाली. घरच्या नव्या लॅपटॉपवरही हे एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू असतं, बायोसमध्ये काही बदललं किंवा बोर्ड बदलला की लगेच की मागतं. की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आज मशीन चालू आहे तोवर ती बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. कॉम्प्युटरमध्येच सेव्ह करून काय उपयोग.

हार्डडिस्कमधून कट-कट-कट असा ठरावीक आवाज येत असेल तर मात्र वेगळं वागायचं. तिथे चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासणारा विंडोजचा प्रोग्रॅम, चालवू नका, डिस्क आधीच थकलेली असते आणि चेकडिस्क तिला आणखी तासन्‌तास राबवतं. बंद करा, डिस्क काढा. डेटा अगदी मोलाचा असेल तर थेट रिकव्हरीवाल्याकडे द्या. आवाज नसेल, नुसतं विंडोज उठत नसेल, तर लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून मशीन सुरू करायचं आणि फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायच्या, डिस्कवर काही इन्स्टॉल न करता हे होतं. माझ्या मते प्रत्येक घरात असा एक पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये असायलाच हवा.

दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच तर "चालत नाही" एवढंच सांगू नका, कुठपर्यंत येतो, कुठला दिवा लागतो, काय अक्षरं येतात ते सांगा, स्क्रीनचा फोटो दाखवा. डेस्कटॉप असेल आणि बिघाड डिस्कच्या अलीकडचा असेल तर डिस्क काढून घरीच ठेवा, तपासायला तिची गरज पडत नाही, एम डॉट टू, म्हणजे बोर्डवर आडवी बसणारी पातळ पट्टीसारखी डिस्क, असेल तर सहसा एकच छोटा स्क्रू असतो. काही लॅपटॉपमध्ये मात्र स्टोरेज बोर्डवरच पक्कं बसवलेलं असतं, ते निघत नाही, तिथे देतानाच स्पष्ट सांगा की विचारल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही, आणि ते पावतीवर लिहून घ्या.