वेटिनांची वाटणी

“युरोपच्या इतिहासात हॅब्सबर्ग आहेत, मेदिची आहेत. तुम्ही त्या जर्मनीतल्या सॅक्सनीच्या वेटिन घराण्यातच का रमता?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: त्यांच्या वाटणीमुळे.

या घरात तंटा जुनाच होता. इलेक्टर (म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा) फ्रीडरिश दुसरा आणि त्याचा धाकटा भाऊ विल्हेल्म 1446 ते 1451 एकमेकांशी लढले. फ्रीडरिशच्या बाजूचा सरदार कुंत्स फॉन काउफुंगेन त्यात कैद झाला आणि खंडणी भरून सुटला. धन्याने नुकसान भरून दिलं नाही म्हणून 1455च्या जुलैत त्याने अल्टेनबुर्गच्या किल्ल्यातून धन्याचे दोन्ही मुलगे पळवले. एर्न्स्ट 14 वर्षांचा, आल्ब्रेश्ट 11चा. मुलं सुखरूप परतली. आठवडाभरात कुंत्सचा शिरच्छेद झाला.

वडिलांमागे या भावांनी एकवीस वर्षं एकत्र राज्य केलं आणि 1485मध्ये लाइपझिगला वाटणी केली. वाटे थोरल्याने पाडायचे, निवड धाकट्याने करायची. आल्ब्रेश्टने माइसेनचा वाटा उचलला, त्यात ड्रेस्डेन आणि लाइपझिग आलं. एर्न्स्टला थुरिंगेनचा बराचसा भाग मिळाला. विटेनबेर्गचा मुलूख वाटणीत आलाच नाही, कारण त्याला सम्राट निवडण्याचा हक्क जोडलेला होता आणि 1356च्या शाही फर्मानाने त्याचे तुकडे करायला मनाई होती. तो थोरल्याकडेच राहिला. डोंगरातल्या चांदीच्या खाणी मात्र सामाईक ठेवल्या! या तहातलं हे कलम मला सगळ्यात बोलकं वाटतं. जमीन तोडली, चांदी तोडवेना.

देवासच्या पवारांसारख्या आता थोरली पाती आणि धाकटी पाती झाल्या. लाइपझिगचं 1409पासूनचं विद्यापीठ धाकट्या पातीकडे गेल्यामुळे इलेक्टरच्या मुलखात विद्यापीठच उरलं नाही. म्हणून एर्न्स्टचा मुलगा फ्रीडरिश, ज्याला पुढे ‘शहाणा’ म्हणू लागले, त्याने 1502मध्ये विटेनबेर्गसारख्या लहानशा गावात नवं काढलं. पोपच्या सत्तेला आव्हान देणारा धर्मसुधारक मार्टिन लूथर शिकवायला आला तो तिथेच. 1521मध्ये वर्म्सला सम्राटाच्या सभेत लूथरने आपल्या मतांवरून माघार घेतली नाही, तेव्हा फ्रीडरिशच्या माणसांनी परतीच्या वाटेवर त्याला पळवून नेल्याचा देखावा केला आणि वार्टबुर्ग किल्ल्यात लपवलं. बापाला पळवलं ते खंडणीसाठी. मुलाने माणूस पळवला तो जगवण्यासाठी. आल्ब्रेश्टचा मुलगा गेओर्ग लूथरचा कट्टर विरोधक होता. लूथरने केलेल्या बायबलच्या नव्या कराराच्या भाषांतरावर त्याने आपल्या मुलखात बंदी घातली. अख्खी सॅक्सनी गेओर्गच्या हाती असती तर लूथर वाचला असता, असं मला वाटत नाही.

पुढे धाकट्या पातीने डाव उलटवला. आल्ब्रेश्टचा नातू मोरित्स स्वतः प्रोटेस्टंट, म्हणजे लूथरच्या बाजूचा, तरी तो कॅथलिक सम्राट पाचव्या चार्ल्सला मिळाला. 1547मध्ये म्युलबेर्गच्या लढाईत एर्न्स्टचा नातू योहान फ्रीडरिश जखमी होऊन पकडला गेला. मोरित्सकडे इलेक्टरपद गेलं, विटेनबेर्ग गेलं, विद्यापीठही गेलं. थोरली पाती थुरिंगेनपुरती उरली आणि तिथेही मुलांमुलांत वाटण्या करत राहिली. (मुंबईतलं गेटवे ऑफ इंडिया ज्या पंचम जॉर्जच्या भेटीचं स्मारक आहे, तो याच पातीच्या कोबुर्ग शाखेचा वंशज.)

या हरलेल्या योहान फ्रीडरिशबद्दल मला मनापासून आदर आहे. सम्राटाच्या कैदेत असताना त्याने मुलांकरवी थुरिंगेनमधल्या येनाला उच्च विद्यालय सुरू करवलं, 1548मध्ये. दहा वर्षांनी त्याचं विद्यापीठ झालं, आणि ते आजही चालू आहे.