एकाच इमारतीत लॅटिन, टायपिंग आणि कार्बोरेटर

अमेरिकन हायस्कूलची जुनी इयरबुकं (शाळेची दरवर्षी निघणारी फोटोंची पुस्तकं), म्हणजे साधारण १९४५ ते १९६० मधली, मला बघायला फार आवडतात, आणि त्यातही पोरांच्या फोटोंपेक्षा विभागांची पानं जास्त. इंग्लिश, गणित, सायन्स, सोशल स्टडीज, लॅटिन-फ्रेंच, मग कमर्शियल, होम इकॉनॉमिक्स, इंडस्ट्रियल आर्ट्स, शेतीवाडीचा भाग असेल तर अ‍ॅग्रिकल्चर, शिवाय बँड, चित्रकला, ड्रायव्हर एज्युकेशन. लोक ही पानं भराभर उलटतात आणि फुटबॉल टीमकडे जातात. मला मात्र त्या वेळची अमेरिका याच पानांवर दिसते, कोणत्या पोराला काय शिकवायचं हे कोणी आणि कशावरून ठरवलं ते सगळं इथे कळतं.

आधी हे एवढे विभाग आले कुठून ते बघा. १९१० मध्ये तिथे शंभरातली नऊएक मुलं हायस्कूल पास व्हायची, १९४० पर्यंत निम्मी व्हायला लागली. एवढी पोरं आली म्हटल्यावर सगळ्यांना नुसतं लॅटिन आणि अल्जेब्रा शिकवून भागणार नव्हतं. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारागिरी आणि गृहशास्त्र यांच्यासाठी केंद्राचा पैसा दिला, पण अटी घालून. शेतीच्या विद्यार्थ्याने वर्षातले निदान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतावर काम करायचं, वर्गात बसून मका पिकवायचा नाही! मला ही अट फार आवडते. त्याच विषयातून १९२८ मध्ये कॅन्सस सिटीला फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका ही शेती शिकणाऱ्या पोरांची संघटना निघाली, ते निळे कॉर्डुरॉय जॅकेटवाले. मुलींना मात्र तिथे राष्ट्रीय पातळीवर सभासद व्हायला १९६९ उजाडावं लागलं.

आता टायपिंग रूम, माझी सगळ्यात लाडकी. ओळीने टेबलं, प्रत्येकावर जडच्या जड मशीन, बऱ्याच ठिकाणी कळांवर अक्षरंच नसायची, कोऱ्या टोप्या, आणि समोर भिंतीवर कीबोर्डचा भलामोठा तक्ता, म्हणजे मान वर ठेवूनच टाइप करायचं. पाच ठोके म्हणजे एक शब्द असा हिशोब, मग तो शब्द खरा केवढाही असो. उजवीकडचा मार्जिन जवळ आला की घंटी वाजायची, डाव्या हाताने लिव्हर ढकलून पुढची ओळ. आणि चूक झाली की खरी परीक्षा, कारण खाली कार्बन लावून दोनतीन कॉपी असायच्या. आधी कॅरेज बाजूला सरकवायचं, का तर खोडरबराचा चुरा मशीनच्या पोटात पडू नये, मग कार्बनचा डाग खालच्या कागदावर उमटू नये म्हणून मध्ये कागदाचा तुकडा सरकवायचा, आणि मूळ कागदासकट प्रत्येक कॉपी वेगवेगळी खोडायची, एका अक्षरासाठी. एवढी शिस्त लावणाऱ्या विषयाला लोक हलका विषय समजायचे याचा मला राग येतो.

टायपिंगच्या जोडीला शॉर्टहँड, बहुतेक ठिकाणी ग्रेग पद्धतीचं. त्यात रेघ जाड-बारीक करायची भानगड नाही, लांबीवर अक्षर ठरतं, म्हणजे छोटी रेघ टी आणि तीच लांब काढली की डी. हातात मोजमाप बसायला महिने लागायचे. या विभागात मुलीच जास्त, आणि शाळेतून निघाल्या की थेट ऑफिसात नोकरी मिळवून देणारा हा त्यांचा हक्काचा विभाग होता. कॉलेजला जाणारी पोरंही पेपर टाइप करता यावेत म्हणून एखादं सेमिस्टर इथे येऊन बसायची.

मुलं शॉपमध्ये (म्हणजे शाळेच्या कार्यशाळेत), मुली किचनमध्ये हे तर जवळजवळ गृहीतच धरलेलं. वुड शॉप, मेटल शॉप, ऑटो, ड्राफ्टिंग, काही शाळांत तर प्रिंट शॉपसुद्धा, जिथे मुलंच शाळेचं वर्तमानपत्र छापायची. होम इकॉनॉमिक्सच्या मोठ्या खोलीत चारपाच मुलींना मिळून एक छोटं किचन असायचं, आणि शिवणातला पहिला धडा बहुतेक ठिकाणी अ‍ॅप्रनचा. कार्बोरेटर उघडण्यात रस असलेली मुलगी किंवा ब्रेड भाजावासा वाटणारा मुलगा, यांचं काय करायचं हा प्रश्न शाळांनी बरीच वर्षं स्वतःला विचारलाच नाही. शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने तो विचारायला लावला.

माझं म्हणणं असं आहे की यातला एकही विषय कमी दर्जाचा नव्हता, घोळ होता तो वाटणीचा. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला कॉलेज प्रेप, कमर्शियल, व्होकेशनल, जनरल असा एखादा ट्रॅक मिळायचा आणि त्यातून बाहेर पडणं महाकठीण. १९४५ मध्ये व्यवसाय शिक्षणाचे पुरस्कर्ते चार्ल्स प्रॉसर यांनी तर आकडेच मांडले होते, २० टक्के पोरं कॉलेजला, २० टक्के कुशल कामाला, उरलेल्या ६० टक्क्यांना लाइफ अ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे घर, आरोग्य, फावला वेळ, वागणं-बोलणं वगैरे. ज्या पोरांना कोणी नीट भेटलंही नव्हतं त्यांची टक्केवारी आधीच ठरवून मोकळे!

मग ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह वर गेला आणि सगळ्यांची झोप उडाली. पुढच्याच वर्षी नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट आला, आणि सायन्स, गणित, परदेशी भाषा आणि काउन्सेलिंगला पैसा मिळाला. लँग्वेज लॅब आल्या, बूथमध्ये बसून हेडफोन लावायचा, टेपवरचं वाक्य ऐकायचं आणि तसंच म्हणायचं. एमआयटीत १९५६ पासून नवीन फिजिक्सचा अभ्यासक्रम तयार होत होताच. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९५९ च्या अहवालात लिहिलं की दर २५० ते ३०० मुलांमागे एक पूर्णवेळ काउन्सेलर हवा, विषयवार गट कुवतीप्रमाणे पाडा, पण होमरूम (हजेरी-सूचनांसाठी रोज जमायचा वर्ग) आणि बारावीचा सोशल स्टडीजचा वर्ग मात्र सगळ्यांचा एकत्रच ठेवा. या शेवटच्या सूचनेसाठी मी त्यांना मानते, पण दिवसभर वेगळं बसवून एका वर्गात एकत्र आणल्याने किती फरक पडणार?

आणि हे सगळं गोऱ्यांच्या शाळांचं. व्हर्जिनियात फार्मव्हिलच्या मोटन हायस्कूलची इमारत १८० मुलांची, आणि शिकत होती साडेचारशेच्या वर कृष्णवर्णीय मुलं, जादा वर्ग डांबरी कागद लावलेल्या खोपटांत, ना जिम ना सायन्स लॅब. लॅबच नाही तिथे सायन्सचा विभाग कसला दाखवणार. १९५१ च्या एप्रिलमध्ये १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सने अख्खी शाळा संपावर नेली, त्यातून उभा राहिलेला खटला १९५४ च्या ब्राउन निकालात, म्हणजे गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात, सामील झाला. त्यावर काउंटीने काय केलं तर १९५९ मध्ये सरकारी शाळाच बंद करून टाकल्या, त्या १९६४ पर्यंत बंद.

राहिले स्पेशल क्लासेस. कमी दिसणाऱ्यांसाठी साइट-सेव्हिंग वर्ग होते, मोठ्या टायपातली पुस्तकं, खास प्रकाशयोजना, आणि डोळ्यांना ताण नको म्हणून तिथेही टायपिंगवर भर. हे वर्ग ज्या समजुतीवर उभे होते, की अधू डोळे वापरले तर आणखी बिघडतात, ती पुढे चुकीची ठरली, पण त्यामागची कळकळ खरी होती. आयक्यू टेस्टवर साधारण ५० ते ७५ आलेल्यांचा वर्ग वेगळा, आणि तिथे मला सगळ्यात जास्त त्रास होतो. कॅलिफोर्नियात मेक्सिकन-अमेरिकन घरातल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची परीक्षा इंग्रजीतून घेऊन त्यांना मंद ठरवलं जात होतं. डायना नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात नऊ मुलांची टेस्ट स्पॅनिशमधून घेतली तर बहुतेकांना त्या वर्गात बसवायचं काही कारणच नव्हतं. १९७० मध्ये तडजोड झाली आणि राज्याने मान्य केलं की मुलाची टेस्ट त्याच्या घरच्या भाषेतही घ्यायची.