न धरलेली वर्षं

संध्याकाळपासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. संचातून वगळलेल्या एका अल्बमबद्दल दादा अगदी सहज म्हणाला, "अगं, ते कुणी धरत नाही," आणि त्यानं पुढची सीडी लावली.

'द क्लॅश' या ब्रिटिश पंक बँडचा 'साउंड सिस्टिम' शेवटी घरी आला. २०१३ चा सीडींचा संच, बँडच्याच बेसिस्ट पॉल सिमननच्या डिझाइनचा, जुन्या दणकट टेपरेकॉर्डरच्या आकाराचा. आईला वाटलं, खरंच रेडिओ आणला. आत बिल्ले, स्टिकर आणि १९७७ च्या पहिल्या अल्बमपासून १९८२ च्या 'कॉम्बॅट रॉक'पर्यंत सगळं. गिटारिस्ट मिक जोन्सनं स्वतः बसून मास्टरिंग करून घेतलंय. 'लंडन कॉलिंग'मध्ये ड्रमर टॉपरच्या काठीचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. माझ्या जुन्या कॅसेटवर ते सगळं एकात एक मिसळलेलं असायचं.

पण १९८५ चा 'कट द क्रॅप' नाही. सगळे कप्पे उघडून बघितले. नाहीच.

अल्बम फसलाय, हे मलाही मान्य आहे. टॉपरला आधीच काढलेलं, १९८३ मध्ये मिकलाही काढलं, आणि मॅनेजर बर्नी ऱ्होड्सनं गाण्यांवर ड्रम मशीन थापलं. तरी 'धिस इज इंग्लंड' त्यातलंच ना? आणि बँडमध्ये नंतर घेतलेली ती तीन पोरं? १९८५ मध्येच साध्या गिटारी घेऊन ती उत्तर इंग्लंडच्या रस्त्यांवर गात फिरली. लोक टाकतील त्या पैशांवर, मिळेल त्या गाडीनं. गायक जो स्ट्रमर त्यांच्यासोबत होता. पॉलसुद्धा होता! आणि त्याच पॉलच्या डब्यात त्या दिवसांना जागा नाही. कोण ठरवतं हे? ज्यांनी ती वर्षं काढली, त्यांना कुणी विचारलं?

माझ्या नाशिकच्या वर्षांचा विषयही घरात कुणी काढत नाही. आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या फोटो अल्बममध्येही... असो.

ते कुणी धरत नाही म्हणे.

मघाशी मिकचा विचार आला. ज्याला बाहेर काढलं, त्यानंच या टेपा पुन्हा कान लावून ऐकल्या. त्याच्याशिवाय झालेला अल्बमही त्यानंच घासूनपुसून द्यायचा, हे मी कुठल्या तोंडानं मागू? आणि मिक आणि स्ट्रमरचं मिटलंही होतं. नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनमधल्या अॅक्टनला, फायर ब्रिगेडच्या कामगारांसाठीच्या कार्यक्रमात, स्ट्रमर गात असताना मिक प्रेक्षकांतून उठून गिटार घेऊन स्टेजवर गेला. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांत स्ट्रमर वारला. पन्नास वर्षांचा होता फक्त.

त्यामुळे डब्यावरचा राग ओसरलाय. संच ज्यांचा, त्यांनी आपल्या मनाप्रमाणे भरावा. पण मी माझ्यापुरतं १९८५ धरणार. उद्या दादाला बसवून 'धिस इज इंग्लंड' पूर्ण ऐकवते. मग नाशिकचे फोटोही काढते कपाटातून. त्याला आवडो, न आवडो.