कोंबडीचा ताप रक्तात शोधताना

आज सकाळी सातलाच सिन्नरला मामांच्या शेडवर पोचलो, तिसऱ्या आठवड्यातली बॅच आणि मर सुरू झालेली. एक मेलेला पक्षी उघडून बघितला तर काळजावर, लिव्हरवर पांढरट साय धरलेली, म्हणजे बहुतेक ई. कोलाय हा जंतूच. मामा म्हणे, "अरे पण काल संध्याकाळी तर मस्त खात होते!" हाच तर घोळ आहे ना, कोंबडी शेवटपर्यंत दुखणं लपवते.

मग पंखाखालच्या शिरेतून रक्त घेतलं (शर्टाची वाट लागली ते सोडा) आणि लॅबला परत येताना मामांना फोनवर सांगत होतो की अंड्याच्या पांढऱ्यात जे ओव्होट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन असतं ना तेच कोंबडीच्या रक्तातपण असतं, आणि इन्फेक्शन झालं की वाढतं, लोह धरून ठेवतं, जंतूंना उपाशी मारायला. गंमत म्हणजे माणसात त्याचाच भाऊ, ट्रान्सफेरिन, अशा वेळी कमी होतं, कोंबडीचं सगळंच उलटं! फक्त ते वाढलं म्हणजे सूज आहे एवढंच कळतं, जंतू कोणता ते नाही, त्यासाठी कल्चर लावलंय, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायचा.

मामांचा एकच प्रश्न, "मग औषध आज देऊ का उद्या?"