आमची वाटचाल : फुटांच्या हिशेबातून लिटरच्या हिशेबात

तळेगाव दाभाड्यात १९९८ साली आम्ही काम सुरू केले तेव्हा आमच्याकडे बोअर मारण्याची गाडी नव्हती. लोखंडी तिवई, चेन-पुली आणि जळालेल्या सबमर्सिबल मोटारी भरून देण्याचे एक छोटे दुकान एवढेच भांडवल होते. बोअर दुसरा कोणी मारायचा, आम्ही तीत पंप सोडायचो आणि बिघडला की वर काढायचो. ती आठ वर्षे मला फार उपयोगी पडली, कारण पाणी कोणत्या महिन्यात किती खाली उतरते, गाळ कुठपर्यंत चढतो आणि कोरड्यात चाललेली मोटार कशी जळते, हे पंप वर काढणाऱ्यालाच नीट कळते.

२००६ साली कर्ज काढून आम्ही बोअरची एक जुनी गाडी घेतली. ती तमिळनाडूतील तिरुचेंगोडहून आली. बोअरच्या गाड्यांसाठी ते गाव देशभर ओळखले जाते. गाडीबरोबर आलेले अण्णा आणि त्यांची चार मुले आमच्याकडेच राहिली. हिशेबाची वही तेव्हापासून माझी पत्नी सांभाळते. पवना धरणाच्या बाजूला आणि लोणावळ्याच्या वाटेवर त्याच सुमारास सुट्टीच्या बंगल्यांची कामे वाढत होती आणि प्रत्येक बंगल्याला हिरवळ हवी होती. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे या पट्ट्यात पाण्याला काय तोटा, असे पुण्या-मुंबईहून आलेल्या मालकांना वाटायचे. पण खाली काळा पाषाण आहे. पाणी राहते ते वरच्या मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या पट्ट्याच्या आसपास. उरलेला पाऊस उतारावरून धरणाकडे निघून जातो.

बोअर चालू असताना मी दर दहा फुटांचा चुरा उचलून त्याच्या लहान ढिगल्या ओळीने मांडतो. सुरुवातीला पिवळसर मुरूम येतो, मग राखाडी बारीक पीठ, मध्येच पांढरे दाणे असलेला मऊ खडक आणि कधी विटेसारखा तांबडा चुरा. पीठ उडायचे थांबून त्याचे गोळे होऊ लागले की अण्णा माझ्याकडे पाहतात, कारण ती ओल असते. पुढच्या काही फुटांत पाणी फवाऱ्यासारखे वर आले, तर त्या भेगेची खोली वहीत लिहायची आणि हात तिथेच थांबवून विचार करायचा, ही आमची आजची पद्धत आहे. २०१३ पर्यंत ती नव्हती. आमचा दर फुटावर असल्याने जितके खोल जाऊ तितके बिल मोठे होत असे आणि मालक ‘अजून जाऊ द्या’ म्हणाले की आम्ही जात होतो.

२०१३ च्या दुष्काळी उन्हाळ्यात एका बंगल्याच्या तीन गुंठे हिरवळीसाठी आम्ही बोअर घेतली. १८० फुटांच्या आत एक इंची पाणी लागले होते. मालकांना ते कमी वाटले आणि आम्ही तांबडा थर फोडून ४२० फुटांपर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आमच्या दुकानात आल्या. त्यांची १५० फुटांची जुनी बोअर हवा ओढू लागली होती. ‘दादा, त्यांची हिरवळ जगो, पण आमच्या घरात प्यायला पाणी नको का?’ एवढेच त्या म्हणाल्या. मी जाऊन दोन्ही बोअरमध्ये दोरी सोडून पाहिली, तेव्हा कारण समजले. आम्ही वरच्या आणि खालच्या थरांमध्ये एक उभी नळीच उघडून दिली होती आणि वरचे पाणी त्यातून खाली उतरत होते. चूक सर्वस्वी माझी होती. मालकांना समजावून, आमच्या खर्चाने, ती बोअर तळापासून १९० फुटांपर्यंत खडी आणि सिमेंटने भरून घेतली. काकूंच्या बोअरला पाणी परत यायला मात्र पावसाळा उजाडावा लागला. तोपर्यंत दररोज त्यांच्या टाकीत टँकरचे पाणी आम्ही टाकत होतो.

त्यानंतर आम्ही आधी गरज मोजू लागलो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा असतो, त्यामुळे भर उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर धरले तरी गुंठ्यामागे सुमारे ५०० लिटर पुरतात. ज्याला लोक ‘फक्त एक इंची’ म्हणून नाक मुरडतात, ते पाणी ९० अंशांच्या व्ही-नॉचवर, म्हणजे प्रवाह मोजायच्या ‘व्ही’ आकाराच्या खाचेवर, मोजले तर ताशी सुमारे ५०० लिटर भरते. म्हणजे त्या तीन गुंठ्यांना तीन तासांचे पाणी पुरले असते. हवी होती ती फक्त एक साठवण टाकी आणि कोरड्यात मोटार बंद करणारे पॅनेल. नुसती खोली वाढवून साठा वाढतो हाही गैरसमज आहे, कारण साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात जेमतेम साडेसहा लिटर पाणी मावते, म्हणजे दोनशे फूट जादा मारून तेराशे लिटरांची जागा मिळते आणि तेवढी टाकी फार कमी पैशांत येते. अर्थात मे महिन्यात आवक घटते, म्हणून आम्ही पावसाळ्यातल्या मापावर मालकांना शब्द देत नाही.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम १ जून २०१४ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत ६० मीटर, म्हणजे साधारण १९७ फूट, किंवा त्याहून अधिक खोलीची विहीर ही ‘खोल विहीर’ ठरते आणि बोअरच्या गाड्यांच्या नोंदणीची तरतूदही त्यात आहे. हिरवळीसाठी आम्ही आता त्या खोलीच्या आतच थांबतो. काम घेण्यापूर्वी आजूबाजूच्या घरांत जाऊन त्यांच्या बोअरची खोली विचारतो, छपराचे पाणी गाळणीतून बोअरच्या शेजारच्या खड्ड्यात मुरवण्याची सोय त्याच कामात धरतो आणि मुरूम संपून पक्का खडक लागेपर्यंत केसिंग पाइप टाकतो, म्हणजे वरचा गढूळ पाझर आत येत नाही. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पहिल्या पावसात पुन्हा फुटते, म्हणून मागच्या बाजूची हिरवळ मे महिन्यात तशीच राहू द्या, असेही मालकांना सांगतो. काही जण ऐकतात, काही जण दुसरी गाडी बोलावतात. पहिली दोन वर्षे आमचे उत्पन्न निम्म्यावर आले होते आणि हप्ते भरताना पत्नीला दागिने गहाण ठेवावे लागले, हे मी विसरलेलो नाही.

त्या बंगल्यात आणि काकूंच्या घरी मी दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोरी घेऊन जातो. दोन्ही बोअरची पातळी काकूंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली जाते आणि बंगल्याचे मालक तो आकडा पाहूनच त्या महिन्यात हिरवळीला किती दिवस पाणी सोडायचे ते ठरवतात.