घोट गिळल्यानंतरचं अर्धं मिनिट

बिअर चाखायचा पगार मिळतो असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, तुमच्याकडे जागा आहे का. आता त्यांना काय सांगणार की सकाळी दहाला कोरड्या तोंडाने बसायचं, अत्तर नाही, वासाचं क्रीम नाही, समोर पाच ग्लास, प्रत्येकावर तीन आकडी नंबर, प्रत्येकात जेमतेम दोन-तीन घोट आणि फॉर्मवर निम्म्या वेळा "फरक जाणवला नाही" एवढंच लिहायचं. मी एका छोट्या ब्रुअरीत क्वालिटी बघते आणि चाखणाऱ्यांचं पॅनल मीच चालवते. बरीच वर्षं झाली, त्यामुळे माझ्या जिभेवर माझा जरा जास्तच विश्वास होता. होता म्हणजे, त्या दिवसापर्यंत होता.

त्या दिवशी टेबलावर होती आमच्या हेड ब्रुअरची लाडकी बॅच. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीपण. दादांच्या डोक्यात कधीपासून होतं की एक पेल एल (फिकट रंगाची, हॉप्सच्या चवीची बिअर) करायची, रेसिपी नेहमीचीच, फिकट मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), थोडे ओट्स, सिट्रा आणि मोझॅक जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) भरपूर, पण फर्मेंटेशन, म्हणजे आंबवणं, मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जंगली यीस्टवर. म्हणजे ब्रेटॅनोमायसिस, आम्ही नुसतं ब्रेट म्हणतो. नाव अवघड वाटतं पण अर्थ साधा आहे, ब्रिटिश बुरशी. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन नावाचे संशोधक होते, जुन्या इंग्लिश एल पिंपात मुरताना जी खास चव यायची ती कशाने येते हे त्यांनी शोधलं आणि 1904 मध्ये या यीस्टला नाव दिलं. बाकी बहुतेक ब्रुअरींना आणि वाईनवाल्यांना हे यीस्ट म्हणजे शत्रूच, एकदा पाइपांत, गॅस्केटमध्ये घुसलं की निघता निघत नाही. आमच्याकडेही या बॅचसाठी वेगळा टँक, वेगळे होज, वेगळ्या बादल्या, सगळ्यावर लाल टेप, आणि दादांचा दम, लाल टेपचं सामान इकडचं तिकडे झालं तर बघा.

लोकांना वाटतं ब्रेट म्हणजे गोठ्याचाच वास. तसं नसतं. नेहमीच्या यीस्टने काम उरकल्यावर मागून ब्रेट घातलं की ते मागे राहिलेल्या फिनॉल नावाच्या वासाच्या संयुगांवर काम करतं आणि मग चामडं, गोठा, औषधी पट्टी असले वास चढतात. ओरवाल या बेल्जियन बिअरमध्ये बाटली भरताना ब्रेट घालतात, म्हणून ताजी ओरवाल आणि वर्षभर ठेवलेली ओरवाल या दोन वेगळ्या बिअर वाटाव्यात इतका फरक पडतो. पण सुरुवातीपासून एकटं ब्रेटच घातलं तर ते बऱ्याचदा आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ वागतं, फळांचे वास देतं आणि गोठा जवळपास नसतोच. दादांना तेच हवं होतं.

आता चाखण्याचं सांगते. ग्लासात ओतली तर रंग गवताच्या काडीसारखा, धुरकट, फेस पांढराशुभ्र पण जरा उतावळा, बसत चाललेला. नाक जवळ नेलं आणि पहिल्याच श्वासात अननस. पिकलेला, कडेला थोडा उतरायला लागलेला अननस, त्याच्यामागे आंबा, मग संत्र्याची साल नखाने खरवडल्यावर उडते ना तशी चुरचुर. ग्लास जरा फिरवून परत वास घेतला तेव्हा खाली कुठेतरी ओल्या गवताचा, तळघरातल्या मातीचा अगदी बारीक वास होता, त्रास देणारा नाही, उलट वरचा गोडवा त्याच्यामुळे उठून दिसत होता. ब्रेटच्या बिअरला हटकून "घोड्याच्या पाठीवरचं ब्लँकेट" असं वर्णन लावतात, मी आजवर एकदाही घोड्याच्या पाठीवरच्या ब्लँकेटचा वास घेतलेला नाही, त्यामुळे मी ते कधी लिहीत नाही आणि पॅनलमध्ये कुणी लिहिलं तर विचारते, तू कधी घेतलास बाबा.

घोट घेतला. आधी हॉप्सचा फळकट दणका, मधे किंचित आंबूसपणा, पण आंबट बिअर म्हणावी असा नाही (पीएच 4.3 होता, म्हणजे साध्या पेल एलच्याच आसपास), आणि मग एकदम कोरडं. ब्रेट नेहमीचं यीस्ट जी साखर सोडून देतं तीसुद्धा खातं, 1.050 वरून निघालेली ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर किती उरली ते तिच्यावरून कळतं) 1.004 ला येऊन थांबली होती, साधारण सहा टक्के अल्कोहोल, त्यामुळे जिभेवर चिकट असं काही राहतच नाही, कडवटपणा सरळ लागतो. शिवाय तोंडात भरीवपणा देणारं ग्लिसरॉल ब्रेट फार कमी बनवतं म्हणून अशी बिअर पाणचट लागायची भीती असते, ओट्स त्याच्यासाठीच होते आणि त्यांनी काम केलं होतं. मी फॉर्मवर भरभरून लिहिलं. दहापैकी साडेआठ दिले, मी साडेआठ सहसा देत नाही. ग्रॅव्हिटी दोन आठवडे हललेली नव्हती, म्हणजे बाटलीत जाऊन परत फर्मेंटेशन सुरू होऊन बाटल्या फुटायचा धोका नाही. मनात मी पॅकिंगची तारीखसुद्धा ठरवून टाकली.

पॅनलमध्ये पाच जण होते. मी, दादा, पॅकिंगच्या ताई, सेलरमधला, म्हणजे टँक सांभाळणारा, एक जण आणि लॅबमध्ये नवीन लागलेला एक पोरगा, अजून महिना पण झाला नव्हता, बोलायला घाबरायचा. नियम असा की सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, चेहरे करायचे नाहीत. सगळे खाली मान घालून लिहीत होते आणि माझं लक्ष त्या पोराकडे गेलं. घोट घेताना खूश दिसला, लिहायला लागला, आणि मग मधेच थांबला. जीभ टाळूला लावून बघतोय, परत बघतोय, पाणी प्यायला. लिहिलेलं खोडलं. दुसरा घोट घेतला, तर परत तेच, आधी ठीक आणि थोड्या वेळाने तोंड वाकडं.

फॉर्म गोळा केले. चार फॉर्मवर अननस, आंबा, मस्त, कोरडी. पोराच्या फॉर्मवर अननस खोडलेलं आणि खाली बारीक अक्षरात एकच शब्द, "उंदीर?" प्रश्नचिन्हासकट.

दादा हसले, म्हणाले, "उंदीर चाखलास कधी?" तो बिचारा कानापर्यंत लाल. म्हणाला, "सर, चाखताना नाही येत, गिळल्यावर येतं. पिंजऱ्यातला भुसा असतो ना उंदरांचा, तसं." आणि हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला, कारण तो जे सांगत होता ते पुस्तकात तंतोतंत असंच आहे, आणि मी ते वाचलेलं होतं, दुसऱ्यांना शिकवलेलं सुद्धा होतं. या दोषाला मराठीत सरळ उंदरट म्हणायला हरकत नाही. तो टेट्राहायड्रोपायरिडीन नावाच्या संयुगांमुळे येतो, आम्ही टीएचपी म्हणतो, ब्रेट ती बनवू शकतं, काही लॅक्टिक बॅक्टेरियासुद्धा बनवतात, आणि लिटरला काही मायक्रोग्रॅम असली तरी पुरतात. गंमत अशी की बिअरच्या आम्लात ही संयुगं बांधलेली असतात, हवेत उडतच नाहीत, त्यामुळे ग्लासात नाक घालून बसलात तरी काही कळत नाही. घोट गिळला, तोंडात लाळ आली, लाळेने आम्ल उतरलं की ती सुटतात आणि घशामागून नाकात चढतात. वीस-तीस सेकंदांनी. तोवर आपण फॉर्म भरून मोकळे.

मी म्हटलं परत चाखा सगळ्यांनी आणि गिळल्यावर अर्धं मिनिट गप्प बसा. फोनवर टायमर लावला. खोलीत पाच माणसं, कुणी बोलत नाही, सगळ्यांची तोंडं बंद. पंचविसाव्या सेकंदाला पॅकिंगच्या ताईंनी नाक मुरडलं. "अगं बाई, हो की. शिळ्या पॉपकॉर्नसारखं, आणि मग घाण." दादांना काही नाही. सेलरवाल्याला "आहे असं वाटतंय". आणि मला? काहीच नाही. चाळीस सेकंद, साठ सेकंद, अननस आणि छान कोरडा कडवटपणा, बस.

आता करायचं काय. दोन म्हणतात आहे, दोन म्हणतात नाही, एक कुंपणावर. मग मला वाईनवाल्यांची एक जुनी युक्ती आठवली. लॅबमधून खाण्याचा सोडा आणला, चिमूटभर पाण्यात कालवला, तळहातावर घेतला, त्याच्यावर बिअरचे चार थेंब टाकून चोळलं, जरा फसफसलं, आणि हात नाकाशी नेला.

उंदीर. नुसता उंदीर. भुसा, मुताचा तो गोडसर उग्र दर्प, वर जुन्या पॉपकॉर्नचा थर. हात झटकन मागे घेतला तरी नाकात तसाच. शेजारच्या साध्या पेल एलचे थेंब दुसऱ्या हातावर चोळून बघितले, तर तिथे फक्त सोडा आणि हॉप्स. म्हणजे संयुग होतं, भरपूर होतं, माझ्या तोंडात ते सुटत नव्हतं एवढंच. माणसामाणसाच्या तोंडातलं आम्ल वेगळं असतं, त्यामुळे काहींना हा दोष लागतो, काहींना लागतच नाही, हेही मी शिकवत आलेय, आणि त्या "काहींना" मध्ये मी स्वतः आहे हे मला इतक्या वर्षांत एकदाही तपासावंसं वाटलं नाही. दादांनी पण हात चोळून वास घेतला, काही न बोलता बेसिनवर गेले आणि साबणाने दोनदा हात धुतले.

मग कारण शोधणं सुरू झालं. ऑक्सिजन मिळाला की ब्रेट टीएचपी जास्त बनवतं. ड्राय हॉपिंगच्या, म्हणजे टँकमध्ये हॉप्स टाकायच्या वेळी वरचं झाकण किती वेळ उघडं होतं याच्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी लाल टेपच्या होजचा एक क्लॅम्प सैल निघाला, टँक बदलताना तिथून हवा खेचली गेली असणार. सिद्ध करता येत नाही, पण माझा संशय तिथेच आहे.

खरी पंचाईत पुढे होती. हा दोष बऱ्याचदा टिकत नाही, ब्रेट स्वतःच हळूहळू ते संयुग दुसऱ्या कमी उग्र रूपात नेतं, काही आठवडे किंवा महिने थांबायची तयारी हवी. पण ही हॉप्सवर उभी असलेली बिअर, हॉप्सचा वास दिवसागणिक उतरतो. थांबावं तर आंबा जातो, न थांबावं तर उंदीर जातो लोकांच्या घरी. दादा म्हणाले, "निम्म्या लोकांना तर कळतच नाही, तुलाच नाही कळलं." बोचलं ते, कारण खरं होतं. मी म्हटलं दादा, ज्यांना कळेल ते परत कधी आपली बाटली उचलणार नाहीत. ते गप्प बसले, मग म्हणाले ठेव टँकमध्ये, आणि तो क्लॅम्प स्वतः काढून कचऱ्यात टाकला.

सात आठवड्यांनी परत पाच ग्लास. अननस अजून होता पण मऊ झालेला, आंबा जवळजवळ गेलेला, संत्र्याची साल वाळलेली म्हणावी अशी, आणि त्या जागी तळघराची माती, थोडं चामडं, पुढे आलेलं. वेगळी बिअर. पहिल्या दिवशी इतकी झळाळणारी नाही, पण मला ही जास्त खोल वाटली, दादांना नाही. सोडा चोळलेल्या हाताला काही येत नव्हतं, तरी मी टायमर लावला. घोट गिळून झाले आणि कुणी ग्लासाकडे बघत नव्हतं, फॉर्मकडे बघत नव्हतं, आम्ही चौघं त्या पोराच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. त्याने जीभ टाळूला लावली. परत लावली. टायमर वाजला तरी तो काही बोलेना, मग म्हणाला, "मॅडम, सगळे असे बघू नका ना, मला चव कळत नाहीये."

परत ओतली, आणि या वेळी आम्ही चौघं भिंतीकडे तोंड करून बसलो.